काटे काढून

बंदरावर मी क्रेन चालवते, चाळीस मीटर उंचावर.
पायाखाली काच, काचेखाली बाल्टिक.
समोरच्या पडद्यावर आकडा येतो:
सव्वीस टन चारशे.
मी पेटी उचलते, जहाजावर ठेवते.
आत काय आहे ते कुणी सांगत नाही,
मीही विचारत नाही.

संध्याकाळी ओट्यावर दुसरा काटा,
बशीएवढा.
रायच्या पावाचा काप: अडतीस ग्रॅम.
कुट्टू: साठ, कोरडा.
(शिजल्यावर तो तिप्पट होतो.
पहिले तीन आठवडे शिजलेलाच साठ मोजून
मी उपाशी झोपत होते.)
हेरिंग मासा: नव्वद, काटे काढून.
हे 'काटे काढून' दर वेळी लिहावं लागतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
वजन सोडा नाहीतर क्रेन सोडा.
वर जायला लिफ्ट आहे,
पण शेवटच्या चौदा पायऱ्या लोखंडी,
आणि त्या माझ्या गुडघ्यांना नावानिशी ओळखतात.

भूक सोसते मला.
भूक येते, भांडते, जाते.
सोसत नाही ते हे लिहिणं.
एकशे सतरावा दिवस, अंडं एक.
एकशे अठरावा दिवस, अंडं एक.
अंड्याने काही नवीन केलेलं नसतं,
तरी त्याची हजेरी घ्यायची.

व्हितोल्ड चष्मा लावून पाकिटावरचे आकडे वाचतो
सोडतीचा निकाल वाचावा तसे.
परवा त्याने बिटाचं सार केलं
आणि झाकणावर चिठ्ठी ठेवली:
'आंबट साय, एक चमचा, माझ्या मते.'
व्हितोल्डच्या मते एक चमचा म्हणजे
काय, हे तीस वर्षं मी बघते आहे.
चिठ्ठी वहीत चिकटवली. बेरीज केली नाही.

मग नोव्हेंबरात एक पेटी आली.
कागदावर एकोणीस टन.
पडद्यावर सत्तावीस.
वीतभर उचलली, परत खाली ठेवली,
आणि रेडिओवर लेशेकला म्हटलं, ही खोटं बोलते.
अर्धा तास पिवळी जाकिटं धावत होती,
फोन, शिक्के, शिव्या.
मी वर बसून सफरचंद खाल्लं (एकशे चाळीस, देठ वगळून)
आणि विचार करत राहिले:
अशा चार-दोन पेट्या चुकीच्या जागी गेल्या
की केवढं जहाज कुशीवर कलतं.
बुडवायला वादळच लागतं असं नाही.

त्या रात्री वहीत पहिल्यांदा लिहिलं:
उभ्याउभ्या चाटलेला चमचा, दोनदा.
व्हितोल्डच्या ताटातलं सॉसेजचं टोक.
लेशेकच्या डब्यातले तीन पिएरोगी,
जे मी मंगळवारपासून लपवत होते,
कुणापासून, देव जाणे.
वही कुणीच वाचत नाही.

तेव्हापासून समासात इतरही काही उतरतं.
कोबी दोनशे दहा, आणि धुकं इतकं
की शेजारची क्रेन दिसली नाही.
दही शंभर, आणि एक सील मासळीधक्क्याजवळ,
वजन अंदाजे.
'अंदाजे' हा शब्द मला आवडू लागला आहे.
रोज नाही वापरत,
सणाच्या कपड्यांसारखा वापरते.

काल दानुताचा नामदिन होता.
खसखशीचा केक, वरून संत्र्याची साल.
माझी बहीण सुरी धरून थांबली,
माझ्याकडे बघत, जणू मी सीमाशुल्क खात्यातून आले आहे.
काप, म्हटलं.
तिने कापला. मी खाल्ला.
दुसरा मागितला, तोही.

वहीत ती तारीख अशी आहे:
दानुताकडे. मोजलं नाही. दातात खसखस.

आज सकाळी सव्वापाच, बाहेर काळोख,
काट्याला नवा सेल घातला.
शून्यावर यायला तो जरा वेळ घेतो,
थंडीत मीही घेते.
पाव: अडतीस.
परत एकदा ठेवला, तर एकोणचाळीस.
असो. अडतीसच लिहिलं,
आणि पुढे, बारीक अक्षरात, अंदाजे.