लमाईचं उखळ

आज तिच्यासाठी दार मी उघडलं.
बावीस वर्षं ती मागून यायची,
मासळीच्या क्रेटांमधून, ओल्या फरशीवरून,
यंत्राला कार्ड टेकवून, चपला बदलून.
आज पुढून आली, संगमरवरावर
अशी पावलं टाकत
जणू कुणीतरी आत्ताच पुसून गेलंय.

हॉटेलनं दिलेली निवृत्तीची भेट:
एका माणसाचं जेवण, पाच पदार्थ, मद्य वगळून.

दारातच थबकली.
लाकडी चौथऱ्यावर, पिवळ्या दिव्याखाली
तिचं उखळ.
आत पाणी, पाण्यात एक कमळ, दोन चाफे.
काठाचा टवका तिच्याच हातून उडालेला,
पुराच्या वर्षी,
रोई-एतहून भावाचा फोन आला त्या दुपारी.
टवक्यावर अंगठा ठेवून म्हणाली,
"इथं ठेवलंत होय,"
विसरलेल्या छत्रीबद्दल म्हणावं तसं.

आमचं उखळ पांढरं झालं
ते याच काळ्या दगडात.
तारे मिळाले, मासिकांत फोटो आले,
फोटोत शेफ असायचा,
कोपऱ्यात कधी तिचा कोपर.

मी खुर्ची ओढली, मांडीवर रुमाल पसरला.
"अरे, मी पसरते की."
"नाही पा लमाई, हे माझं काम."
"मग मी काय करू?"

मेन्यूत तिनं फक्त उजवीकडचे आकडे वाचले.
बदकाच्या रश्शाशी बोट थांबलं.
"पहिल्या आठवड्याचा पगार एवढा नव्हता माझा."
मग काचेतून बाहेर पाहिलं.
चाओ फ्रायावरून वाळूच्या चार होड्या,
एकीला एक बांधलेल्या,
घरघरत चालल्या होत्या.
बराच वेळ पाहत राहिली.
"हा आवाज होय! मला वाटायचं, आपला फ्रीजर."

रस्सा आला.
तिनं चमचा ओठांशी नेला, थांबली,
जिभेनं काहीतरी शोधलं,
जसं पर्समध्ये किल्ली शोधतात.
कुळंजन होतं, गवती चहा होता,
मक्रूट लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं,
भाजलेली कोळंबीची चटणी,
सगळी हजेरी लागली होती.
"यात दगड नाही," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यानं
घाबरून आपला भात चिवडला.
खुन पिचित धावत आले, टाय सावरत,
"खडा लागला का कुठं?"
"नाही लागला," लमाई म्हणाली.
"तेच तर सांगतेय."

आता खाली पोलादी यंत्र आहे.
चाळीस मिनिटांचं काम दीड मिनिटात.
नुआन नावाची पोरगी बटण दाबते
आणि मोबाइल बघते.
तिचा तरी काय दोष,
तिचे खांदे तरी शाबूत राहतील.
लमाईचा उजवा खांदा
रात्री उशीवर टेकत नाही.

तरी तिनं सगळं संपवलं.
अन्न टाकायचं नसतं.
हळूच मला विचारलं, चिकट भात आहे का रे?
मेन्यूत नव्हता.
आमच्या जेवणातला आणला, वेताच्या डबीत,
तिनं तीन बोटांनी गोळी केली,
अडीचशे वर्षं जुन्या घाटाच्या
चांदीच्या चमच्याशेजारी,
आणि वाटी पुसून घेतली.
पहिल्यांदाच त्या खोलीत कुणी जेवलं,
असं मला वाटलं. मी हे कुणाला बोललो नाही.

जाताना दारात तिनं दोन्ही हात जोडले.
मला वाटलं, मला.
मीही जोडले.
ती उखळाकडे बघत होती.

रात्री दिवे मालवताना
मी कमळ बाजूला सारलं.
तळाशी बोट फिरवलं, तिथं दगड गुळगुळीत होता,
बशीसारखा, कुणीतरी झिजवलेला.
बोट चाखून पाहिलं. पाणीच. नळाचं पाणी.
खुन पिचितना निरोप लिहिला,
सकाळी नवं कमळ लागेल.
मग जिन्यात, विसरून,
त्याच बोटानं डोळा चोळला.