पाचवी रेघ

अप्पा बळवंत चौकात पाचरेघी वही मिळत नाही.
दुकानदार म्हणाला, दुरेघी आहे, चौरेघी आहे,
चौकटीची आहे, पाचरेघी कशाला?
मी चौरेघीच घेतली, अर्धा डझन,
आणि पाचवी रेघ घरी पेन्सिलीनं मारली.
पट्टी घसरायची, म्हणून प्रत्येक पानावर
सगळ्यात वरची रेघ जराशी प्यायलेली.

आषाढ लागला की बँडला काम नसतं.
नाना पेठेतल्या गाळ्यात लाल कोट खिळ्यांना लटकतात,
सोनेरी झालरी उंदरांच्या हवाली.
अशा दिवसांत मी घोरपडीला जायचो
थिओफिल पाटोळे सरांकडे.
लष्कराच्या बँडात बावीस वर्षं,
आता दोन खोल्या, एक स्टँड आणि पेन्शन.
फाटक बंद असलं की स्कूटरवर
मांड्यांत युफोनियम धरून थांबायचं.
मालगाडी संपता संपायची नाही.
तिचा भोंगा ऐकून सर पहिल्याच दिवशी म्हणाले,
हा कुठं लिहिशील?
मी म्हणालो, लिहायचा कशाला, गेला ना तो.

तोवर मला एकच दार ठाऊक होतं:
ट्रेबल क्लेफ, जिलबीच्या वळणाचा,
क्लॅरिनेटवाल्यांचा, कॉर्नेटवाल्यांचा.
त्या दारातून पाहिलं तर माझा सा,
एकही बटण न दाबता निघणारा माझा सा,
पाच रेघांच्या घराबाहेर,
पायरीखाली,
त्याच्यापुरत्या टाकलेल्या आखूड फळीवर.

सरांनी दुसरी खूण काढली.
आधी एक ठिपका, मग वरून वळण,
कानाच्या कडेसारखं खाली उतरलेलं,
आणि पुढं दोन टिंबं, एकावर एक.
विसर्ग, मी म्हणालो.
नववीत शाळा सुटली, पण विसर्ग राहिला होता,
गुरुजी सांगायचे, श्वास सोडा, झाला विसर्ग.
सर हसले. बास क्लेफचाही तोच धंदा, म्हणाले.
टिंबांच्या मधून जाते ती रेघ एफची,
तिथून खाली मोजत ये.
एफ, ई, डी, सी,
बोट दुसऱ्या रेघेवर टेकलं, बी.
त्याच्यापुढं फ्लॅट, आपल्यात कोमल म्हण.
हा तुझा सा.

वाजवून पाहिला. तोच.
तेच ओठ, तीच हवा, बटणं तशीच मोकळी.
दारावरची खूण तेवढी बदलली
आणि हा आत,
खालून दुसऱ्या रेघेवर मांडी घालून.

मी बराच वेळ पुढं वाजवलं नाही.
काय झालं, सर म्हणाले.
काही नाही, म्हणालो.
बाबांना वरातीचा चहा कायम
मांडवाबाहेर मिळायचा,
ते काही नोटेशनमध्ये येत नाही.

बाबांकडे मोठा बास होता, खांद्यावरून वळसा घेणारा.
दात गेले तसा तोही गेला.
कागद त्यांना कधी लागला नाही.
घोड्याच्या पावलाकडं बघ, म्हणायचे,
नवरदेव घाबरला की लय ओढून धर.
पों कुठं आणि पोंप कुठं
हे त्यांच्या पोटालाच कळायचं.

एका रात्री मी वही उघडली.
म्हणालो, द्या एक.
त्यांनी युफोनियम मांडीवर घेतलं,
कवळी काढली, परत बसवली.
पहिल्यांदा नुसती हवा.
दुसऱ्यांदा हवेच्या तळाशी काहीतरी हललं.
तिसऱ्यांदा पत्र्यावरची कबुतरं उठली,
आणि तो आला,
थोडा उतरलेला, पण तोच.

मी लिहिला. दुसरी रेघ, कोमलाची खूण,
आतून पोकळ, लांबट गोल.
बाबांनी चष्मा लावला, वही दिव्याखाली धरली,
वाकड्या रेघेवरून बोट फिरवत
गोलापाशी आले.
एवढाच?
चार मात्रांचा आहे, मी म्हणालो.
पाच होत्या, ते म्हणाले,
नीट मोज.