आजचा दर

रोज सकाळी फळीवर खडूनं लिहितो:
पुठ्ठा अकरा, दुधाची पिशवी अठरा,
बाटली...
इथं हात थांबतो.
काल अठ्ठावीस होती. भोसरीहून फोन आलाय,
एकवीसच्या वर उचलणार नाही म्हणतात.

झुंबरबाई पोतं काट्यावर टेकवते.
ती फळी वाचत नाही, माझं तोंड वाचते.
"किती पाडला?"

कच्चं तेल उतरलंय, बाई.
कोरं प्लास्टिक जुन्यापेक्षा स्वस्त पडतंय.
मग जुनं धुवायचं, दळायचं, वितळवायचं
कुणी आणि कशासाठी?

ती काट्याकडं बघत राहते.
"तेल तिकडं उतरलं
आणि माझं पोतं इकडं हलकं झालं होय?
बिबवेवाडीतले जिने तर आहेत तेवढेच आहेत."

यावर माझ्याकडं उत्तर नाही.
सुट्टे पैसे आहेत.

तिसऱ्या मजल्यावरचे गद्रे
ओलं-सुकं वेगळं देतात, दोन डबे, दोन रंग,
वर पाटीही लावलीय, ऱ्हस्व-दीर्घासकट शुद्ध.
सुक्याच्या डब्यात परवाची आमटी असते.
आमटी प्यालेला पुठ्ठा अकराचा चार होतो.
हे गद्र्यांना कोण सांगणार?
झुंबरबाई सांगत नाही. तिला उद्या पुन्हा तीच बेल वाजवायचीय.

बाटलीसमोर तेवीस लिहितो.
वरचे दोन माझे.
बघू, किती दिवस.

कोपऱ्यात एक पोतं आहे, बकरी ईदेपासून पडलेलं.
वेफर, शाम्पू, मसाल्याच्या पुड्या,
आतून चांदी, बाहेरून हसरी पोरं.
तीन थर असे घट्ट बिलगलेत एकमेकांना
की कुठल्या मशीनला सोडवत नाहीत.
त्याला दर नाही. फळीवर त्याची ओळच नाही.
टेम्पोवाला म्हणतो, द्या, फुरसुंगीकडं सोडतो.
मी उद्या म्हणतो.
झुंबरबाई तरीही आणतेच,
"उचललेलं परत रस्त्यावर कसं टाकू?"
मीही ठेवून घेतो. न तोलता.
त्या पोत्यामागं मांजर दोनदा व्यालं.

रात्री अफशीन शाळेचा तक्ता घेऊन बसली.
आईची बांगडी ठेवून गोल गिरवला,
त्यावर चार बाण,
एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला.
वस्तू, वापर, कचरा, पुन्हा वस्तू.
"अब्बा, बरोबर आहे?"

बरोबर आहे, म्हटलं.
फक्त कचऱ्याच्या पुढं
बोटभर जागा सोड.
तिथं बाण लगेच पोचत नाही.

तिनं खोडरबर घेतलं, फुंकर मारली,
बराच वेळ त्या कोऱ्या फटीकडं बघत बसली.
"मग इथं काय काढू?"

मी खडूचे हात धुवायला गेलो.
येऊन बघतो तर
तिनं तिथं मांजर काढलं होतं,
पिल्लांसकट.