रस्त्याचा कायदेशीर तपशील

आरंभ: टॅनर स्ट्रीट आणि सहावा रस्ता,
चौकाच्या ईशान्य कोपऱ्यातली लोखंडी खूण.
डांबराच्या तीन थरांखाली होती,
गुडघे टेकून शोधली,
चुंबकाची काठी कुरकुरली तेव्हा सापडली.

मिलवॉकी शहराच्या मोजणी खात्यात
माझी एकोणीस वर्षं गेली.
रस्ते आखायला म्हणून आले होते,
अलीकडे बहुतेक पुसायचंच काम येतं.
पुसणं असा शब्द आम्ही वापरत नाही.
कागदावर 'रिकामा करणे' असं असतं,
जणू रस्त्यात कुणी भाडेकरू राहत होता
आणि तो मुकाट्याने किल्ल्या देऊन गेला.

तिथून पूर्वेला दोनशे चौसष्ट फूट.
मध्ये माय येर वांगची खुर्ची आडवी येते.
बर्फ उपसून केलेली गाडीची जागा
राखायला तिने ती मांडली होती,
एप्रिल उलटला तरी कुणी उचलली नाही.
मी फीत खुर्चीच्या पायांखालून नेली.
तपशिलात खुर्ची येत नाही.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं.
कॉर्नेलियस बीमनची पहिली सव्वा
चष्मा शोधण्यात गेली.
मग तो म्हणाला, या रस्त्यावर मी
चार पोरांना सायकल शिकवली,
त्यातलं एकच माझं होतं.
आणखी काही सांगायचं होतं त्याला,
पण घंटा वाजली.
कारकुनाने लिहिलं: विरोध, एक.

बिल्डरची वकीण म्हणाली, अठ्ठ्याहत्तर घरं,
त्यातली बारा कमी भाड्याची.
ती खोटं बोलत नव्हती.
हे इथे नोंदवून ठेवते,
कारण पुढे सगळे तिच्याच माथी मारतील.
ठराव झाला: या रस्त्याची सार्वजनिक गरज
उरलेली नाही. मोबदला: एक डॉलर.
तो डॉलर कुणी कुणाच्या हातावर ठेवला,
मी पाहिला नाही.

तिथून दक्षिणेला साठ फूट.
एक गोष्ट मात्र शहराने सोडली नाही:
जमिनीखालची पाण्याची नळी, आठ इंची,
आणि ती उकरून दुरुस्त करायचा हक्क.
वरचं दिलं, खालचं ठेवलं.
आमची आई अंगठ्या विकायची
आणि मखमलीची डबी राखून ठेवायची,
त्याची आठवण झाली.

तिथून पश्चिमेला, पुन्हा दोनशे चौसष्ट.
कुंपण घातलं त्या हिवाळ्यात
सकाळच्या बर्फावर पावलं दिसायची,
नाकासमोर जाळीपर्यंत आलेली,
थबकलेली,
मग चरफडत उजवीकडे वळलेली.
पायाखालची वाट होती ती.
नोटीस डोक्याला मिळते,
पायांना कोण वाचून दाखवणार?

तिथून उत्तरेला साठ फूट, आरंभबिंदूपर्यंत.

बारा घरांच्या सोडतीत माझ्या धाकट्या बहिणीचं,
इरेनाचं, नाव लागलं.
तिसरा मजला, खिडकी तलावाच्या बाजूला,
तलाव मात्र दिसत नाही.
पलंग जोडायला मी गेले,
आणि सवय जात नाही म्हणून
भिंतीपासून पावलं टाकत सुटले.
म्हटलं, इरेना, तुझी उशी
बरोबर रस्त्याच्या मध्यरेषेवर आहे.

दातांत स्क्रू धरून ती हसली.
दोन हिवाळे मी याच रस्त्यावर झोपले, म्हणाली,
गाडीत, वांगबाईंच्या खुर्चीच्या मागे.
फक्त तेव्हा खाली होते,
आणि पहाटे काचेवर दंडाची पावती असायची.

एकोणीस वर्षं मी या शहरात
इंच इंच मोजत हिंडले, आणि हे मला
त्या दिवशी कळलं.
विचारलं असतंस तर, असं ती म्हणाली नाही.
पाना मागितला.