पस्तीस अंश

बोरोका आत आली ती एका बाजूला कललेली,
ओझं चुकीचं भरलेल्या होडीसारखी.
वय चौदा. पहाटे सहाला तिसा नदीवर
कयाक वल्हवणारी, धुक्यात, एकटी.
"दुखत नाही फारसं," म्हणाली.
"फक्त वाकता येत नाही."

मुलांचं असंच असतं.
मोठी माणसं विव्हळत येतात दारात,
मुलं नुसती ताठरतात.
त्यांचं दुखणं कण्याला तिरकं करून
मुकाट उभं राहतं,
आणि घरचे म्हणतात, वाढीचं वय आहे,
नीट उभी राहा.
चार महिने ती नीट उभी राहत होती.

मी तिला उताणी निजवलं.
उजवा पाय, गुडघा न वाकवता, उचलत गेले.
वीस. तीस.
पस्तीस अंशांवर पायाबरोबर कंबरच उठली,
फळीचं एक टोक उचलावं तशी.
पायाचा अंगठा वर ओढायला सांगितला. ओढला.
माझ्या एका बोटानं तो खाली आला.
तेव्हा पहिल्यांदा ती घाबरली.
वहीत लिहिलं : पस्तीस.

आकोश, तिचा बाप, फुटक्या होड्यांना ठिगळं लावतो.
एमआरआयची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून
बराच वेळ बघत राहिला.
"इथून बाहेर आलंय? मग बुजवून टाका की."
मी सांगितलं, गादी सरकली म्हणजे भोक नाही पडलेलं.
म्हाताऱ्यांची गादी वाळते, भेगाळते.
हिची अजून ओली आहे, भिजवलेल्या कणकेसारखी,
दाबली तिकडे गेली
आणि नसेला टेकून बसली.
तिला ठिगळ नाही लागत, वेळ लागतो.
"किती?"
सगळे बाप हेच विचारतात.

डॉक्टर तिमेआंनी सुरी बाजूला ठेवली,
टाकून नाही दिली.
सहा आठवडे, म्हणाल्या. वल्हं नाही, दप्तर नाही,
बाकावर एका वेळी वीस मिनिटं, मग उठायचं.
अंगठा आणखी लुळा पडला,
किंवा लघवी झालेली कळेनाशी झाली,
तर त्याच रात्री या. सकाळची वाट बघू नका.
आई पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होती.
लघवीपाशी तिचं पेन थांबलं.

मग जमीन.
सतरंजीवर पालथं पडून कोपरांवर उठायचं, दहा वेळा.
गुडघे पोटाशी नाही घ्यायचे. पोट आत, श्वास बाहेर.
भूगोलाचा धडा उभ्यानं, फ्रिजवर पुस्तक ठेवून.
शिंक येतेयसं वाटलं की ती टेबलाची कड धरायची,
कारण शिंकेबरोबर कंबरेतून पोटरीपर्यंत
वीज उतरायची.

पन्नास, मी लिहिलं. अंगठाही थोडा झगडू लागला.
पुढच्या शुक्रवारी चाळीस.
"होडीत नव्हते बसले," ती भिंतीशी बोलली.
"नुसती उचलली. दोऱ्या भिजत होत्या."
मी रागावले नाही.
मीही तिच्या वयात
न विचारता बऱ्याच गोष्टी उचलल्या होत्या.
आकडा खोडला मात्र नाही.

कोच बेनेदेक एकदा घरी येऊन गेला,
बूट न काढता, दारातूनच.
वसंतात शर्यत आहे, म्हणाला.
वसंत दरवर्षी येतो, बोरोकाची आई म्हणाली,
आणि दार लावलं.

नवव्या आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते.
माशाचं सूप रटरटत होतं.
आकोशनं लाल तिखटाची नवी पुडी
फाडली, जरा जोरातच.
बोरोकाचं नाक हललं. हात सवयीनं
टेबलाच्या कडेला गेला.
आम्ही तिघं थांबलो. आईच्या हातातली पळी थांबली.
शिंक आली, अख्खी, खिडकी दणाणेल अशी.
ती तशीच, डोळे बारीक करून,
त्या विजेची वाट बघत राहिली.
सूप उतू गेलं.

"आली नाही," ती म्हणाली,
जराशी हिरमुसल्यासारखी.

आकोशनं काही न बोलता पुडी
पुन्हा तिच्या नाकाखाली धरली.