किनार सोडून

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये दुपारचे सव्वादोन.
टॉवेलचा माग पोट उघडून बसलाय, वायरी बाहेर,
आणि मी कांड्यांच्या उपड्या क्रेटवर बसून
तळहाताएवढ्या बोर्डाला विचारतेय,
आहेस का?

बोर्ड एक, बिऱ्हाडं दोन.
एक मोटार सांभाळणारं, क्षणाचा हिशेब चुकला
की धागा तोडणारं.
दुसरं पडद्यावर नक्षी दाखवणारं, निवांत.
मध्ये हायपरवायझर:
भिंती त्याच्या, किल्ल्या त्याच्या,
तो स्वतः कुठे झोपतो ते दोघांनाही माहीत नाही.

काल रात्री मोटारवाल्याने उंबऱ्याबाहेर पाय टाकला
आणि याने त्याला जागीच थिजवलं.
चूक त्याची नव्हती. खोलीची लांबी लिहिताना
मीच एक शून्य गाळलं होतं.
शून्य परत दिलं, खोली सोळापट झाली
(इथली मोजणी सोळाची आहे, दहाची नाही),
आणि आज तो उठतो,
"सुरू झालो" एवढं म्हणतो,
आणि मग काहीच नाही.

दांड्यावरचा सेन्सर हाक मारतोय.
मीटर लावून पाहिलं, तारेत हाक आहे.
आत पोचत नाही.
केबल बदलली. फाइल अकरा वेळा नव्याने बांधली.
पंखा माझ्याकडे वळवला, मग बोर्डाकडे.
पुण्याहून तन्मय म्हणाला, इथे तर चालतंय.
त्याच्या टेबलावर माग नाही.
सेन्सरच्या जागी एक बटण आहे, लाल,
तो ते दाबतो आणि खूश होतो.

मल्लेशम कोंका, एकतीस वर्षं जॉबर,
कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत बुडवता बुडवता
माझ्या पडद्याकडे बघत होते.
"काय मोजताय म्याडम?"
म्हटलं, सेन्सरचा नंबर. तक्त्यात एकोणतीस आहे,
मीही एकोणतीसच लिहिलाय.
"मोजलं कुठनं?"
कुठून म्हणजे? पहिल्यापासून.
"किनार सोडून का किनार धरून?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.
"नक्षीतला पहिला दोरा मागातला पहिला नसतो ओ.
किनारीचे आधी जातात, ते कुणी मोजत नाही.
ह्या टॉवेलला चोवीस. दुसऱ्याला दुसरे."

हे मला माहीत असायला हवं होतं.
आई घरी सुपात हजार बिड्या मोजायची,
कारखान्यात छाट काढून त्याच नऊशे व्हायच्या,
आणि दोन्ही आकडे खरे असायचे,
भांडण फक्त मोजणारा कुठे उभा आहे याचं.
नऊशेचेच पैसे मिळायचे, तो भाग वेगळा.

चिपच्या पुस्तकात, चारशे पानं मागे, बारीक अक्षरात:
पहिल्या बत्तीस हाका चिपच्या घरच्या.
गाभ्यांची आपापसातली कुजबुज.
बाहेरच्यांची रांग त्यानंतर.
तक्ता किनार सोडून मोजतो,
हायपरवायझर किनार धरून.
एकोणतीस आणि बत्तीस. एकसष्ट.

एकसष्ट लिहिलं. पुन्हा बांधलं.
मल्लेशमनी हात पुसले, चाक हातानेच फिरवलं,
हळू, तापलेल्या दुधाचं भांडं उतरवावं तसं.
एक.
थांबले. परत फिरवलं.
दोन.
शेडमधले बाकीचे माग इतके खडखडत होते
की आम्ही दोघं काय ओरडलो ते
आम्हालाही ऐकू आलं नाही.

नक्षीचा पडदा अजून काळाच आहे.
ते दुसरं बिऱ्हाड, त्याचं दुखणं वेगळं,
उद्या बघू.
फाइलमध्ये एकसष्टच्या शेजारी टीप टाकली,
किनार धरून मोजा.
तन्मय विचारेल, ही कसली किनार.
भाकरीचा उरलेला तुकडा मल्लेशमनी
न विचारता लॅपटॉपच्या झाकणावर ठेवलाय,
चटणी कागदात. तिखट आहे.