ठसा

रात्रीचे अकरा. क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
गोठणखोल्यांचे कंप्रेसर घुमताहेत,
आणि बेचाळीस लिनक्स यंत्रांवर बसवलेला नवा पहारेकरी
आपल्याच मुख्यालयाशी बोलायला तयार नाही.
पडद्यावर एकच ओळ, पुन्हा पुन्हा:
प्रमाणपत्र देणारा अनोळखी.

रान्वा चिडत नाही.
पहारेकऱ्याने असंच असावं, ती म्हणते,
दारात आडवं उभं राहून विचारावं:
तुला कोण ओळखतं? त्याला कोण? आणि त्याला?
विचारत विचारत शेवटी एक मूळ प्रमाणपत्र लागतं
ज्याच्यावर सही त्याची स्वतःचीच.
त्याच्या वर कुणी नाही.
कुणीतरी ते हाताने उचलून
विश्वासाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, एवढंच.

हे मूळ हानुसने बनवलेलं,
निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात.
पेनड्राइव्ह सापडला ड्रॉवरमध्ये, रबरबँडांच्या गुंत्याखाली.
पण ड्रॉवर कुणीही उघडू शकतं.
तिने फोन लावला, पलीकडच्या कुनोय बेटावर.

"ठसा वाचून दाखव."
"या वेळी?"
"तुझ्या वहीतला. माझ्याकडचा मी सांगणार नाही."

खुर्ची सरकते. चष्मा कुठे, बायको काहीतरी पुटपुटते.
मग जोड्याजोड्यांनी येऊ लागतात आकडे-अक्षरं,
थंड हातांनी पेटीत मासे मोजून टाकावेत तशी:
सात ए. शून्य चार. डी नऊ. एक आठ.
"थांब. एक काय?"
"आठ."
"माझ्याकडे आठ नाही."

कंप्रेसर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो.
"भरवसा नाही का माझ्यावर?"
"नाही. अजून नाही."
तो हसतो, हसता हसता खोकतो,
वही दिव्याखाली नेतो.
"बी आहे गं. एक बी. मेलं माझं अक्षर."

उरलेल्या अठ्ठावीस जोड्या बिनचूक.

मग फाइलच्या नावाचं शेपूट बदलायचं,
नाहीतर यंत्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.
आज्ञा द्यायची. वाट बघायची.
एक जोडलं, शून्य काढली.
इतक्या कोरड्या शब्दांत इथे एखाद्याला आपलं म्हणतात.

एकेक पहारेकरी हिरवा होतो. एक्केचाळीस.
बेचाळिसावा, बर्फयंत्राजवळचा, अडून बसलेला:
त्याचं घड्याळ सात वर्षं मागे,
त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही.
ती स्टूल ओढते, घड्याळ पुढे आणू लागते.

फोन अजून चालूच.
"आणि मी हानुसच, हे कशावरून?"
"खोकलास की."
तो जरा वेळ गप्प राहतो.
"खोकला काय, कुणालाही येतो."